'द व्हाइट टायगर' : महत्त्वाकांक्षा, शोषण आणि वाचकांचा प्रतिसाद

गोषवारा

अरविंद अडिगा यांच्या 'द व्हाइट टायगर' (२००८) या कादंबरीला वाचकांनी दिलेले प्रतिसाद परस्परविरोधी आहेत. एका वर्गाला ती देशाची बदनामी वाटली, दुसऱ्याला ती अस्सल वाटली नाही, तिसऱ्याने तिच्यात यशाची कथा पाहिली, तर चौथा वर्ग नैतिकदृष्ट्या अस्वस्थ झाला. या प्रतिसादांमागील कारणे कादंबरीच्या निवेदनपद्धतीत आणि वाचकाच्या सामाजिक स्थानात कशी दडलेली आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी पाश्चात्त्य वाचक-प्रतिसाद सिद्धांताबरोबरच मराठी समीक्षेतील काही संकल्पनांचा व मराठी साहित्यव्यवहारातील समांतर उदाहरणांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : वाचक-प्रतिसाद, अविश्वसनीय निवेदक, महत्त्वाकांक्षा, शोषण, अस्सलता, सविकल्प समाधी.

प्रस्तावना

साहित्यकृती लेखकाने लिहिली तरी ती पूर्ण होते वाचकाच्या मनात. हे विधान आता इतके परिचित झाले आहे की, त्यातील अडचण सहसा लक्षात येत नाही. वाचक एक नसतो. त्याची जात, त्याचा वर्ग, त्याची भाषा, त्याच्या घरातील व्यवहार हे सर्व घेऊन तो पुस्तकापाशी येतो. सुखात्म वा भावपूर्ण कादंबरीच्या बाबतीत ही भिन्नता फारशी जाणवत नाही. परंतु ज्या कादंबरीचा नायक खून करतो, पैसे पळवतो, प्रतिष्ठित होतो आणि पश्चात्तापाचा एक शब्दही उच्चारत नाही, अशी कादंबरी वाचकांना एकमेकांपासून वेगळे काढते. 'द व्हाइट टायगर' ही अशी कादंबरी होय.

अडिगा यांचा जन्म १९७४ साली मद्रास येथे झाला, शालेय शिक्षणाची वर्षे मंगळूर येथे गेली आणि पुढील शिक्षण कोलंबिया व ऑक्सफर्ड विद्यापीठांत झाले. 'टाइम' या साप्ताहिकाचे वार्ताहर म्हणून त्यांनी भारतात काम केले. 'द व्हाइट टायगर' ही त्यांची पहिलीच प्रकाशित कादंबरी. तिला २००८ चे मॅन बुकर पारितोषिक मिळाले. त्या वर्षीच्या अंतिम यादीत अमिताव घोष यांची 'सी ऑफ पॉपीज' ही कादंबरीही होती. पारितोषिकामुळे कादंबरी जगभर पोहोचली आणि त्याच क्षणापासून तिच्याविषयीचा वादही सुरू झाला. तो वाद केवळ पारितोषिकाच्या योग्यायोग्यतेचा नव्हता. गरिबाविषयी कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणासाठी लिहावे, असे त्याचे मूळ स्वरूप होते.

कादंबरीचा आशय व निवेदनपद्धती

कादंबरीचा निवेदक बलराम हलवाई हा बिहारमधील लक्ष्मणगढ या खेड्यात वाढलेला मुलगा. वडील सायकलरिक्षा ओढणारे. ते क्षयाने, डॉक्टर नसलेल्या सरकारी रुग्णालयात मरतात. शाळा तपासणीस आलेला अधिकारी बलरामची हुशारी पाहून त्याला पिढीतून एकदाच जन्मणाऱ्या पांढऱ्या वाघाची उपमा देतो. मात्र थोड्याच काळात मुलाला शाळेतून काढून चहाच्या दुकानात कोळसा फोडण्याच्या कामाला लावले जाते. पुढे तो मोटार चालवायला शिकतो, धनबादमध्ये आपल्याच गावच्या जमीनदाराच्या घरी नोकरी मिळवतो आणि अमेरिकेहून परतलेल्या धाकट्या मालकाचा, अशोकचा, ड्रायव्हर म्हणून दिल्लीला जातो. शेवटी फोडलेल्या बाटलीने तो अशोकचा खून करतो, मंत्र्यांना लाच म्हणून द्यावयाच्या सात लाख रुपयांची बॅग घेऊन बंगळूरला पळतो आणि कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या टॅक्सींचा धंदा उभा करतो. त्यासाठी त्याने घेतलेले नाव असते अशोक शर्मा.

ही सर्व कथा बलराम स्वतः सांगतो. चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ बंगळूरला येणार असल्याचे ऐकून, भारतातील उद्योजकतेचे 'सत्य' त्यांना कळावे म्हणून सात रात्रींत लिहिलेली ही पत्रे आहेत. पत्राला उत्तर येत नाही, येण्याची शक्यताही नाही. ज्याला उद्देशून पत्र लिहिले आहे ती व्यक्ती अनुपस्थित असल्याने तिची रिकामी खुर्ची वाचकाला घ्यावी लागते. आरोपीचा जबाब ऐकणाऱ्या न्यायाधीशाची आणि यशस्वी माणसाचा अनुभव ऐकणाऱ्या शिष्याची, अशा दोन भूमिका वाचकाकडे एकाच वेळी येतात. प्रतिसादांमधील विरोधाचे पहिले बीज येथे आहे.

कादंबरीच्या केंद्रस्थानी कोंबड्यांच्या खुराड्याची प्रतिमा आहे. जुन्या दिल्लीच्या बाजारात खुराड्यातील कोंबड्या समोरच आपल्या जातभाईंना कापले जाताना पाहतात, तरी बाहेर पडण्याचा प्रयत्न करीत नाहीत. नोकरांची स्थिती बलरामच्या मते अशीच आहे. मालकाच्या लाखो रुपयांची बॅग हाती असूनही नोकर पळत नाही. यात प्रामाणिकपणापेक्षा भीतीचा वाटा मोठा आहे, कारण नोकर पळाला तर गावातील त्याच्या कुटुंबाचा सूड घेतला जाईल. म्हणून खुराडे तोच मोडू शकतो, ज्याची आपले कुटुंब नष्ट झालेले पाहण्याची तयारी आहे. बलरामची तशी तयारी आहे. आपल्या पाठीमागे घरच्यांचे काय झाले असावे, हे तो जाणतो, तरीही आपण चूक केली असे तो म्हणत नाही.

वाचक-प्रतिसादाची सैद्धांतिक बाजू

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टन्झ विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात साहित्याच्या इतिहासात वाचकाला मध्यवर्ती स्थान दिले. प्रत्येक वाचक काही अपेक्षांचे क्षितिज घेऊन पुस्तक उघडतो. पुस्तक त्या क्षितिजात बसते किंवा ते मोडते. व्होल्फगांग इझर यांनी संहितेतील रिकाम्या जागांकडे लक्ष वेधले. लेखकाने न सांगितलेले वाचक स्वतः भरतो आणि तसे करताना स्वतःलाही उघड करतो. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली. ज्याची मूल्ये आणि संपूर्ण कृतीतून सूचित होणारी मूल्ये यांत अंतर असते, तो अविश्वसनीय निवेदक होय.

या तिन्ही संकल्पना 'द व्हाइट टायगर'ला लागू पडतात. गरीब नायकाविषयीचे भारतीय वाचकाचे अपेक्षांचे क्षितिज बहुधा करुणेचे असते. गरीब सोसतो, झगडतो, हरतो किंवा सन्मार्गाने जिंकतो. बलराम यांपैकी काहीच करीत नाही. निवेदनातील सर्वांत मोठी रिकामी जागा म्हणजे त्याच्या कुटुंबाचे मरण, आणि ती वाचकालाच भरावी लागते.

मराठी समीक्षेत न. चिं. केळकर यांची 'सविकल्प समाधी' ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत प्रवेश करतो आणि या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयीन आनंद निर्माण होतो, असे या उपपत्तीचे सार आहे. बलरामच्या बाबतीत ही अवस्था कसोटीला लागते. वाचक त्याच्या विनोदाला हसतो, त्याच्या अपमानाने संतापतो, त्याच्याबरोबर खुनाच्या क्षणापर्यंत येतो. समाधी पूर्ण झाली तर तो खुनाचा साक्षीदार न राहता भागीदार होतो. केवळ विकल्प राहिला, म्हणजे वाचक अंतर राखूनच बसला, तर कादंबरी गुन्ह्याच्या बातमीपलीकडे जात नाही. पुढे पाहावयाचे बहुतेक प्रतिसाद या दोन टोकांपैकी एकाकडे झुकलेले आहेत.

प्रतिसादांचे प्रमुख प्रकार

१) प्रतिमाभंगाची प्रतिक्रिया

कादंबरी आली तेव्हा भारताच्या आर्थिक वाढीची चर्चा जगभर सुरू होती. अशा वेळी देशाचे 'अंधार' आणि 'प्रकाश' असे दोन भाग करून अंधाराचे वर्णन करणारे पुस्तक परदेशात गौरवले जावे, हे अनेकांना रुचले नाही. त्याच सुमारास 'स्लमडॉग मिलियनेअर' हा चित्रपट आला आणि २००९ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला आठ पारितोषिके मिळाली. पाश्चात्त्यांना भारताचे दारिद्र्यच पाहावयाचे असते, हा आक्षेप दोन्ही कृतींवर एकदमच घेतला गेला. अडिगा यांनी त्यावेळी दिलेले उत्तर असे की, देश मोठ्या स्थित्यंतरातून जात असताना समाजातील क्रूर अन्याय दाखवणे हे लेखकाचे काम आहे. एकोणिसाव्या शतकात फ्लॉबेर, बाल्झाक, डिकन्स यांनी तेच केले व त्यातून इंग्लंड-फ्रान्सचे भलेच झाले.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा नाना फडणविसांच्या चित्रणावरून तीव्र विरोध झाला आणि १९८० मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा परदेशात प्रतिमा मलिन होईल, असा आक्षेप पुन्हा घेतला गेला. दोन्ही कृतींमधील साम्य केवळ वादापुरते नाही. अपमानित झालेला घाशीराम सूडासाठी पोटच्या मुलीचा बळी देऊन सत्ता मिळवतो आणि शहराला छळतो. बलरामही कुटुंबाचा बळी देऊन वर येतो. अपमानातून जन्मलेली महत्त्वाकांक्षा ज्या यंत्रणेने अपमान केला तिचेच रूप धारण करते, असे दोन्ही कृती सुचवतात. प्रतिमेच्या वादात नेमका हा आशय बाजूला पडतो.

२) अस्सलतेचा आक्षेप

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतिहासकार संजय सुब्रह्मण्यम यांनी 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये २००८ साली निवेदकाच्या भाषेचा प्रश्न उपस्थित केला. बलरामला इंग्रजी येत नाही, मग तो नेमक्या कोणत्या भाषेत बोलतो आहे? त्याची वाक्ये, त्याचे उपरोध उत्तर भारतातील कोणत्या बोलीत उलटून ठेवता येतील? बिहारमध्ये वाढलेले लेखक अमितावा कुमार यांनाही त्या भूभागाचे चित्रण उपरे आणि ठोकळेबाज वाटले. ज्याला तो परिसर व ती भाषा परिचित आहे त्याच्या कानाला हा आवाज खोटा लागतो, असा या आक्षेपांचा रोख आहे.

दलित आत्मकथनांमुळे मराठीत या प्रश्नाची दीर्घ चर्चा झालेली आहे. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' (१९६३) हा कथासंग्रह आणि दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) यांनंतर सोसलेले आणि पाहिलेले यांतील भेद मराठी समीक्षेला टाळता आला नाही. या कसोटीवर अडिगा यांची कादंबरी कमी पडते, हे मान्य करावे लागेल. बलरामच्या तोंडी आलेली अनेक निरीक्षणे नोकराला सुचतील त्याहून पत्रकाराला सुचतील अशी आहेत. तथापि दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. कादंबरी वास्तवदर्शी असल्याचा दावा करते की ती उपरोधिका आहे? जमीनदारांना करकोचा, रानडुक्कर, म्हैस, कावळा अशी नावे देणारी, चीनच्या पंतप्रधानांना पत्र लिहिणारी ही रचना व्यंगचित्राच्या अंगाने जाते. व्यंगचित्रात नाक खऱ्यापेक्षा मोठे असते, म्हणून ते खोटे ठरत नाही. मात्र नाक कोणाचे हे ओळखू यावे लागते. बलरामपेक्षा त्याचे मालक अधिक ओळखीचे वाटतात, यातच लेखकाच्या अनुभवाची मर्यादा आणि बलस्थान दोन्ही दिसतात.

३) यशकथा म्हणून वाचन

तिसऱ्या प्रकारचा वाचक बलरामच्या बाजूने उभा राहतो. व्यवस्थेने दुसरा मार्गच ठेवला नव्हता, त्याने मिळेल त्या मार्गाने सुटका करून घेतली, असे तो म्हणतो. या वाचनाला कादंबरीत आधार आहे. मद्यधुंद अवस्थेत मोटार चालवणाऱ्या मालकिणीच्या हातून रस्त्यावर जीव चिरडला जातो आणि गुन्हा आपण केल्याच्या कबुलीजबाबावर बलरामची सही घेतली जाते. हा प्रसंग वाचल्यानंतर त्याच्याविषयी सहानुभूती न वाटणे कठीण आहे.

परंतु या वाचनात एक प्रसंग सहज निसटतो. दिल्लीला जाण्याची संधी बलरामला मिळते ती घरातील जुना ड्रायव्हर रामप्रसाद याला हुसकावून. मालक मुसलमानाला नोकरीवर ठेवणार नाहीत म्हणून त्याने धर्म लपवला आहे, हे रमझानच्या उपासावरून बलरामच्या लक्षात येते आणि त्या माहितीचा उपयोग तो करतो. म्हणजे त्याच्या उत्कर्षाची एक महत्त्वाची पायरी मालकाच्या अंगावर नसून आपल्याहून दुबळ्या सहकाऱ्याच्या अंगावर आहे. पुढे बंगळूरमध्ये पोलिसांना लाच देऊन तो प्रतिस्पर्ध्यांचा धंदा बंद पाडतो. त्याच्या गाडीखाली एक सायकलस्वार मुलगा मरतो तेव्हा प्रकरण तो पोलिसांकरवी मिटवतो. मात्र तो मुलाच्या घरी जातो, भरपाई देतो आणि मुलाच्या भावाला नोकरी देतो. जुन्या मालकांपेक्षा हा मालक थोडा बरा आहे. यंत्रणा मात्र तीच आहे. बलराम खुराड्यातून सुटला, खुराडे शाबूत राहिले. यशकथेचे वाचन येथे अपुरे पडते.

४) नैतिक अस्वस्थता

चौथा वाचक पुस्तक मिटल्यावर अस्वस्थ राहतो. त्याला बलरामची बाजू पटते आणि ती पटल्याचीच भीती वाटते. अडिगा यांनी ज्या लेखकांचे ऋण मान्य केले आहे त्यांत रिचर्ड राइट हे कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकार आहेत. राइट यांच्या पहिल्या कथासंग्रहावर सुखवस्तू वाचकांनी अश्रू ढाळले. त्या अश्रूंनी त्यांचे मन हलके झाले आणि बाकी सारे जिथल्या तिथे राहिले, असे राइट यांना जाणवले. म्हणून पुढचे पुस्तक रडण्याची सोय नसलेले लिहिण्याचा निश्चय त्यांनी केला. ते पुस्तक म्हणजे 'नेटिव्ह सन' (१९४०). त्याचा नायक बिगर थॉमस हाही खून करतो. जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्ये या चित्रणावर आक्षेप घेतला. समाजाने कृष्णवर्णीयाची जी भयंकर प्रतिमा रंगवली तीच बिगरने आतून स्वीकारली आहे आणि त्याचे संपूर्ण माणूसपण मात्र हरवले आहे, असा त्यांचा मुद्दा होता. बलरामविषयीच्या मतभेदाचा नकाशा अशा प्रकारे सहा दशके आधीच आखला गेला होता.

वाचकाचे स्थान

या चारही प्रतिसादांच्या मुळाशी एक साधी वस्तुस्थिती आहे. भारतात इंग्रजी कादंबरी विकत घेऊन वाचणारा माणूस बहुधा मोटारीच्या मागच्या आसनावर बसणाऱ्यांपैकी असतो किंवा तेथे बसण्याची आकांक्षा बाळगणारा असतो. त्याच्या घरी धुणी-भांडी करणारी बाई येते, इमारतीच्या दारात रखवालदार असतो. कादंबरीतील अशोक हा क्रूर मालक नाही. तो सुशिक्षित, मवाळ, नोकराशी गोड बोलणारा आणि वेळ आली की गप्प बसणारा आहे. कबुलीजबाबाच्या प्रसंगी त्याचा हा मवाळपणा बलरामच्या काहीच उपयोगी पडत नाही. वाचकाला बलरामच्या आवाजात कथा ऐकू येते. पण आरशात दिसतो तो अशोक. देशाची प्रतिमा, भाषेची अस्सलता, नायकाचे यश यांवरील चर्चा आपापल्या जागी योग्य असली, तरी त्या चर्चेत या आरशाकडे पाठ फिरवण्याची सोयही आहे.

२०२१ मध्ये रामिन बहरानी यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला तेव्हा हीच चर्चा नव्या वाचक-प्रेक्षकांत पुन्हा झाली. मूळ कादंबरी अडिगा यांनी याच मित्राला अर्पण केलेली आहे. चित्रपटाच्या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले. आदर्श गौरव यांचा चेहरा लाभल्यामुळे पडद्यावरील बलराम अधिक जवळचा वाटतो. पानावरचा नुसता आवाज संशय जागा ठेवतो. माध्यम बदलले की सहानुभूतीचे प्रमाणही बदलते, हे यावरून दिसते.

अध्यापनाच्या दृष्टीने

ही कादंबरी वर्गात येते तेव्हा तेथे एकाच बाकावर दोन प्रकारचे वाचक बसलेले असतात. घरातून महाविद्यालयात पोहोचलेली पहिलीच पिढी असलेला विद्यार्थी आणि घरी नोकर असलेला विद्यार्थी यांना बलराम सारखाच दिसणे शक्य नाही. अशा वेळी कादंबरीचा एकच 'योग्य' अर्थ लिहून देणे म्हणजे एका वाचकाला गप्प करणे होय. पहिल्याचा जोश गुन्ह्याचे समर्थन म्हणून झिडकारला जाण्याचा आणि दुसऱ्याची नैतिक नाराजी सहज उचलून धरली जाण्याचा धोका येथे असतो.

त्याऐवजी तीन प्रश्न वर्गापुढे ठेवता येतात. बलराम जे सांगतो त्यात काय गाळतो? त्याच्या उत्कर्षाची किंमत कोणी कोणी मोजली? आणि हे पत्र चीनच्या पंतप्रधानांऐवजी वाचणाऱ्याच्या घरच्या पत्त्यावर आले असते, तर ते शेवटपर्यंत वाचले गेले असते काय? पहिला प्रश्न निवेदनतंत्राकडे नेतो, दुसरा रामप्रसादपासून लक्ष्मणगढच्या कुटुंबापर्यंत पोहोचवतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेसाठी लिहावयाचे नाही. तो अध्यापकालाही लागू आहे.

निष्कर्ष

१. 'द व्हाइट टायगर'ला मिळालेल्या प्रतिसादांतील विरोधाला पत्ररूप व अविश्वसनीय निवेदन कारणीभूत आहे. या निवेदनामुळे वाचकाला न्यायाधीश व शिष्य अशा दोन्ही भूमिका घ्याव्या लागतात.

२. प्रतिमाभंगाचा आक्षेप कादंबरीच्या आशयाला भिडत नाही. अस्सलतेचा आक्षेप मात्र ग्राह्य असून तो कादंबरीच्या उपरोधिक स्वरूपासह तपासला पाहिजे.

३. बलरामची कथा मुक्तीची वाटली तरी ती एका व्यक्तीच्या सुटकेची कथा आहे. रामप्रसादचा प्रसंग आणि बंगळूरमधील व्यवहार पाहता शोषणाची यंत्रणा तशीच राहते व शोषिताची महत्त्वाकांक्षा तिच्यात सामावली जाते.

४. केळकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, या कादंबरीच्या वाचनात समाधी आणि विकल्प दोन्ही टिकवणे आवश्यक आहे. बलरामचा संताप आपला वाटावा आणि रामप्रसादचाही विसर पडू नये, एवढी दुहेरी जाणीव वाचकात जागी राहिली, तरच ही कादंबरी तिच्या पूर्ण अर्थासह वाचली गेली असे म्हणता येईल.